कडेवरचा प्रश्न

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई बोलली! अकरा दिवसांनी.

काय बोलली ते आत्ताच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही. नर्सबाई चमच्यानं सूप भरवत होती. सूप गरम होतं. ताईनं तोंड फिरवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली — "तेथील अग्नी कधी विझत नाही व तेथील तहान कधी भागत नाही." नर्सबाईच्या हातून चमचाच पडला. "अहो बिशपसाहेब, ताई काय म्हणतायत हे?" मी दारात उभा. हसावं की रडावं कळेना. नरकाचं उत्तर आहे ते. धर्मशिक्षणाच्या जुन्या प्रश्नोत्तरीतलं. शब्द न् शब्द!

डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. म्हणाले, पक्षाघाताच्या झटक्यानंतर असं होतं कधीकधी. माणसाचं स्वतःचं बोलणं जातं, लहानपणी पाठ केलेलं तेवढं उरतं. "पाठांतर फार खोल जाऊन बसतं हो." हे मला सांगतायत! पाठांतराच्या विरोधात हयात घालवलेल्या माणसाला.

५ फेब्रुवारी

'पाणी' हा शब्द येत नाही तिला. त्याऐवजी बाप्तिस्म्याचं उत्तर येतं. नर्सबाई हुशार — लगेच पेला पुढे केला.

८ फेब्रुवारी, शनिवार

चिटणीस फादर प्रुफं घेऊन आले. हा तरुण पाद्री हात धुऊन माझ्या मागे लागला आहे. १५ मार्चला माझ्या सुधारणेला पस्तीस वर्षं होतात. म्हणून सभा, सत्कार आणि गौरवग्रंथ. ग्रंथ म्हणे! माझं सगळं कर्तृत्व दोन पानी परिपत्रकात मावलं होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रश्नोत्तरी घोकून घ्यायची नाही. मुलांनी आपापले प्रश्न चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचे, नाव न घालता. उत्तर येत नसेल तर शिक्षकानं सरळ 'ठाऊक नाही' म्हणायचं. आणि कुणी कुणावर हात उगारायचा नाही. संपलं. एवढ्यासाठी काय काय ऐकून घेतलं मी! 'चिठ्ठीवाला बिशप.' 'हा पोरांना देवाच्या डोक्यावर बसवणार.' आता तीच मंडळी हार घेऊन येतील. जी उरली आहेत ती.

पहिलं प्रकरण अर्थातच 'कडेवरचा प्रश्न'. ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल याला गणती नाही. मी आठ वर्षांचा. शेजारच्या घरात एक बाळ बाप्तिस्म्याआधीच गेलं. वर्गात मी उभा राहून विचारलं — बाप्तिस्मा न झालेलं बाळ स्वर्ग-नरकाच्या मधल्या जागी जातं म्हणता, मग तिथं त्याला कडेवर कोण घेतं? त्यावर बाईंनी माझ्या हातावर सटासट पट्टी मारली. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं — वगैरे वगैरे. सांगताना अजून उजवा तळवा चुरचुरतो. खरंच चुरचुरतो!

बाईंचं नाव मी कधी घेतलं नाही. पण वर्गाला बाई एकच होती. ताई. माझी थोरली बहीण, तेव्हा सतरा वर्षांची, नुकतीच शिकवायला लागलेली. माझ्या प्रत्येक सभेला ती पहिल्या रांगेत बसायची, पर्स मांडीवर घट्ट धरून. घरी आल्यावर अवाक्षर नाही. फक्त, "घसा बसलाय तुझा. कमी बोलत जा."

चिटणिसांनी प्रुफं तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीवर ठेवली होती. तिला आता वाचता येत नाही. तरी मी उचलून माझ्या खोलीत आणली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नर्सबाईनं भिंतीवर कागद चिकटवला आहे. नरक — गरम आहे. बाप्तिस्मा — पाणी. उपवास — भूक नाही. दहा आज्ञा एका दमात — उशी सरकवा. काल मृतांच्या पुनरुत्थानाचं उत्तर आलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि ताईला उठवून बसवलं. बरोबर निघालं! तिला बसायचंच होतं. कितीतरी दिवसांनी मी मोठ्यानं हसलो.

मग दिवसभर तो वर्ग डोळ्यांपुढून हलेना. लांबट खोली, वर उंचावर खिडक्या, बाकांना ओल्या लाकडाचा वास. छत्तीस वर्षं ताईनं तिथं काढली. नाव पुकारलं की उभं राहायचं. उत्तर बरोबर येईपर्यंत बसायचं नाही, मग दुपार का होईना. बरोबर आलं की ताई म्हणायची, "बस खाली." शाबासकी नाही, हसू नाही. पण ते दोन शब्द ऐकले की जीव भांड्यात पडायचा.

आणि ती दुसरी रीत. ताईनं काढलेली नाही, तिच्या आधीपासूनची, सगळ्याच वर्गांची. चुकणाऱ्यानं डावा हात पुढे करायचा आणि बिनचूक सांगणाऱ्यानं त्यावर पट्टी मारायची. डावा, कारण उजव्यानं लिहायचं असतं. पोरांनी पोरांना मारायचं! परिपत्रकातलं पहिलं कलम मी याच रीतीविरुद्ध लिहिलं होतं. सोबतचे फादर म्हणाले, "साहेब, भाषा जरा सौम्य करू या का?" नाही केली. इतका संताप कुठून आला होता, देव जाणे.

माझ्या प्रार्थनापुस्तकात खुणेला ताईनं दिलेलं चित्र आहे. मेंढपाळ आणि कोकरू. कडा झिजून गेल्या. मागे तिचं तरुणपणचं गोल अक्षर — 'प्र. २७. बिनचूक.' हे बक्षीस केव्हाचं, आठवत नाही. सत्ताविसावा प्रश्न कोणता, तेही आठवत नाही. बघा! पाठांतर टिकत नाही, हेच तर मी जन्मभर सांगत आलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक उत्तर ती फक्त मलाच देते. नर्सबाईच्याही लक्षात आलंय — "तुम्ही आलात की हेच चालू होतं बघा."

"जे दुसऱ्याचे ते आपले म्हणणे, आणि जे आपले ते दुसऱ्याच्या माथी मारणे."

आज तीनदा. डोळे माझ्यावर रोखलेले. कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे? काही केल्या आठवत नाही. भिंतीवरच्या कागदात ते नाही. पाणी नको, उशी नको, सूप नको. सगळं पुढे करून झालं.

नर्सबाई रोज खुर्ची पुढे करते — "बसा ना हो जरा." मी उभ्याउभ्याच पाच मिनिटं थांबतो आणि काहीतरी काम आठवून निघतो. आजाऱ्यांच्या उशाशी बसण्यावर मी पाद्र्यांना तासभर प्रवचन देऊ शकतो. स्वतःला जमत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कळलं. कळलं असं वाटलं.

तिचा वर्ग! दुसऱ्याचे ते आपले म्हणणे. मी तिचा वर्ग काढून घेतला, आणि पस्तीस वर्षं त्यावर टाळ्या घेतल्या.

परिपत्रक निघाल्यावर जुन्या शिक्षकांना नवी पद्धत समजावून द्यायला मी बोलावलं होतं. ताई त्रेपन्न वर्षांची. सगळ्यांसमोर मी प्रत्येकाला उभं केलं आणि म्हणालो, माझ्यामागून म्हणा — 'ठाऊक नाही.' सगळे म्हणाले. कुणी हसत, कुणी लाजत. ताईची पाळी आली. "मला ठाऊक आहे," ती म्हणाली. आणि ओठ मिटून घेतले. मीही हट्टाला पेटलो. पुढच्या रविवारी वर्गाची किल्ली माझ्या टेबलावर होती, रुमालात गुंडाळलेली. त्यानंतर तिनं माझं घर सांभाळलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आज चर्चमधली मिस्सा झाल्यावर तिच्याकडे गेलो. नर्सबाईला बाहेर पाठवलं. म्हणालो, "ताई, तुझा वर्ग मी घेतला. सगळ्यांसमोर तुझा पाणउतारा केला. चुकलो मी. माफ कर." ती ऐकत होती. मग डावा हात — तेवढाच हलतो आता — चादरीवर आपटला. "जे दुसऱ्याचे ते आपले म्हणणे, आणि जे आपले ते—" आणि तोंड भिंतीकडे.

म्हणजे तेही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

प्रश्नोत्तरी पाहिजे. एक प्रत. प्रश्न कोणता ते कळलं तर तिच्या मनात काय आहे ते कळेल.

माझ्या कपाटात नाही. चर्चच्या ग्रंथालयात नाही. पाद्री घडवण्याच्या विद्यालयात फोन केला. ग्रंथपाल अदबीनं म्हणाले, "आपलाच हुकूम होता, साहेब. सगळ्या गोळा करून कागदाच्या लगद्याला दिल्या." फाइल काढून वाचूनही दाखवली मेल्यानं — 'एकही प्रत राहता कामा नये.' खाली माझी सही. ती लांब शेपटीची, तरुणपणची.

चिटणिसांना भारी गंमत वाटली. "हेसुद्धा ग्रंथात घालू या का?"

२४ फेब्रुवारी

ताप. आज एकही उत्तर नाही. मला तर त्या छळणाऱ्या उत्तराचीसुद्धा आठवण आली!

२६ फेब्रुवारी, बुधवार

ताप उतरला. आणि आज जे झालं ते झालं.

सभेसाठी झगा आखूड करायला शिंपीणबाई आल्या होत्या. मी दोन बोटं खचलो आहे म्हणे. या बाई माझ्याच वयाच्या, आमच्याच जुन्या गल्लीतल्या, शेजारच्याच. ताईच्या वर्गात आम्ही बरोबर होतो. तरी उभ्या आयुष्यात दहा वाक्यं बोललो नसू. अजून सुईत दोरा स्वतः ओवतात. तोंडात टाचण्या धरून खाली बसून माझी किनार मोजत होत्या. मधलं दार उघडं. ताईच्या खोलीतून सुरू झालं — "जे दुसऱ्याचे ते आपले म्हणणे—"

आणि शिंपीणबाई, टाचण्यांच्या मधून, मान वर न करता — "आणि जे आपले ते दुसऱ्याच्या माथी मारणे." मग म्हणाल्या, "एकेचाळीस. सरळ उभे राहा, किनार वाकडी येईल."

मी कसला सरळ उभा राहतो! "प्रश्न काय आहे त्याचा?" "प्रश्न नाही आठवत. उत्तराचाच मार असायचा ना." "पुस्तक आहे तुमच्याकडे?" त्यांनी टाचण्या एकेक करून मनगटावरच्या गादीत खोचल्या. मग हळूच, "रागावणार नाही ना? सगळ्यांनी दिली. मी नाही दिली."

"का?"

"आत माझ्या भावाचं नाव आहे."

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पुस्तक आलं. अस्तराच्या कापडात गुंडाळलेलं. शिंपीणबाईंनी दारातूनच दिलं. "परत द्यायचं हं," एवढंच म्हणाल्या.

आधी एकेचाळीस काढला. 'प्रश्न: खोटी साक्ष म्हणजे काय?'

खोटी साक्ष! मी? कसली? रागच आला. उगाच पानं उलटत राहिलो. सत्ताविसाव्या प्रश्नाशी समासात शिसपेन्सिलीनं एक नाव लिहिलेलं. लहान पोरीचं, वेडंवाकडं अक्षर, काना एकीकडे, मात्रा दुसरीकडे. आणि प्रश्न — 'बाप्तिस्मा न होता मेलेले मूल कोठे जाते?' उत्तर — 'ते मूल मधल्या जागी जाते. तेथे त्यास दुःख नाही, परंतु देवाचे मुखदर्शनही नाही.'

शेजारच्या घरातलं बाळ. तिचा भाऊ होता तो.

प्रार्थनापुस्तक उघडलं. चित्र उलटं केलं. 'प्र. २७. बिनचूक.'

चहा समोर निवून गेला. मग एकेक आठवत गेलं. तिसऱ्या बाकावर ती उभी. केस न विंचरलेले. "मग तिथं त्याला कडेवर कोण घेतं?" ताईचा चेहरा — सतरा वर्षांच्या पोरीचा चेहरा, उत्तर नसलेला. दारात मोठे फादर तपासणीला उभे. ताई घाईघाईनं म्हणाली, "बरोबर उत्तर कोण सांगतो?"

आणि मी हात वर केला.

मी प्रश्न विचारलाच नव्हता. मी उत्तर दिलं होतं! धडाधडा, एका श्वासात, मोठ्या फादरांकडे बघत. म्हणून मला मेंढपाळ मिळाला. ती मात्र उभीच.

लाज वाटते. नुसती लाज. हे कधी माझं झालं? विद्यालयात असताना पहिल्यांदा सांगितलं असेन, 'एका मुलीनं विचारलं' असंच. मग केव्हातरी 'आमच्यातल्या एकानं'. मग 'मी'. गोष्ट जास्त चांगली वठायची तशी. आणि ताई पहिल्या रांगेत.

२८ फेब्रुवारी

तळवा अजून चुरचुरतो. का? मार तर तिला बसला.

३ मार्च, सोमवार

शिंपीणबाई झगा घेऊन आल्या. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, त्यांना ते अवघड वाटलं. सगळं सांगून टाकलं. तुमचा प्रश्न मी पळवला, तुमचा मार पळवला, तुमच्या भावाला भाषणात वापरलं. त्या मांडीवरच्या झग्याच्या गुंड्या चाचपत होत्या.

"मला माहीत होतं की," त्या म्हणाल्या. "दोनदा आले होते मी भाषणाला. म्हटलं, असेल. कुणीतरी विचारतंय ना तो प्रश्न, मग कुणी का विचारेना."

मी म्हणालो, "ताईनं तुम्हाला मारलं ते—" "तसं नाही हो, ताईंनी—" "नाही, तिची बाजू घेऊ नका. ती लहान होती, घाबरली होती, पण मारणं ते मारणं. तिच्या वतीनंही मी माफी मागतो." त्यांनी तोंड उघडलं होतं. मी बोलतच राहिलो. शेवटी त्या म्हणाल्या, "झगा घालून बघता ना?"

मापात बसला.

४ मार्च, मंगळवार

ताईला सांगितलं. पलंगाच्या पायाशी उभा राहून, शाळेतल्यासारखं. "प्रश्न माझा नव्हता. मी उत्तर देणारा होतो. मला आता आठवलंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटलो!

तिनं ओठ हलवले. पहिलं अर्धं नुसतं पुटपुटली. दुसरं अर्धं मोठ्यानं — "आणि जे आपले ते दुसऱ्याच्या माथी मारणे!"

"अजून काय राहिलं, ताई?" तेच. पुन्हा तेच. माझा तोल गेला. "पुरे झालं आता!" ओरडलो मी. नव्वदीला टेकलेल्या, अर्धं अंग गेलेल्या बहिणीवर. नर्सबाई धावत आली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार

चिटणीस म्हणतात, ग्रंथ छापून झाला, बांधणीला गेला. पहिलं प्रकरण बदलता येणार नाही. "आणि साहेब, प्रश्न कुणी विचारला हा तपशील हो. भाव महत्त्वाचा."

शेवटी नवीन पुरवणीही जोडली आहे त्यांनी. 'मुलांनी विचारावेत असे निवडक शंभर प्रश्न.' बऱ्याच वर्गांतून मागणी आहे म्हणे. चिठ्ठीवर काय लिहावं ते मुलांना सुचत नाही, म्हणून पाठ करायला बरे!

बोलण्यासारखं राहिलंय काय?

सभेत मात्र सांगणार. ताईला घेऊन जाणार. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगितलं की तिचं समाधान होईल. तिला बरं वाटलेलं बघायचंय मला, ती आहे तोवर. बाकी काही नको.

१५ मार्च, शनिवार

झालं.

सभागृह भरलेलं. ताईला चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत ठेवलं, नर्सबाई शेजारी. पर्स तिनं मागून घेतली होती — म्हणजे कपाटाकडे बघत राहिली, तेव्हा नर्सबाईनं ओळखलं. शिंपीणबाई मागे, खांबाशेजारी.

लिहून नेलेलं भाषण खिशातच ठेवलं. म्हणालो, "पस्तीस वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो. तो प्रश्न माझा नव्हता. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा होता. मेलेला भाऊ तिचा होता. मार तिला बसला, माझ्या बहिणीच्या हातून. मी पोपटासारखं उत्तर दिलं आणि बक्षीस घेतलं."

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल, काहीतरी विचारेल. पस्तीस वर्षं प्रश्न विचारायला शिकवलंय ना मी यांना! उठले. सगळेच उठले. टाळ्या! थांबेचनात. चिटणीस डोळे पुसत होते. "केवढी ही नम्रता! दुसऱ्याला मोठेपणा द्यावा तर असा." एका शिक्षिकेनं माझे हात धरले — "साहेब, तुम्ही असं म्हणालात म्हणजे तर आम्हाला कळलं, तो प्रश्न तुमचाच!" हार. फोटो. ग्रंथ वाटले.

शिंपीणबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे नाही, ताईकडे बघत होत्या. ताईनं पर्स डाव्या हातानं छातीशी धरली होती आणि डोळे मिटले होते.

१६ मार्च

ताई गप्प. नरक नाही, बाप्तिस्मा नाही, एकेचाळीस नाही. पाणी पुढे केलं तर पिते. भिंतीवरचा कागद नर्सबाईनं काढलेला नाही.

१७ मार्च

आजही नाही.

१८ मार्च, मंगळवार

शिंपीणबाई पुस्तक न्यायला आल्या. कापडात गुंडाळून दिलं. दारापर्यंत गेल्या, थांबल्या.

"त्या दिवशी बोलू दिलं नाहीत मला, म्हणून आता सांगते. ताईंनी नाही मारलं. रीत नव्हती का? बिनचूक सांगेल त्यानं मारायचं. ताई तुम्हाला म्हणाल्या होत्या, एकच. तुम्ही तीन मारल्यात."

त्या गेल्या. मी माझ्या उजव्या हाताकडे बघत राहिलो. पट्टी धरली होती यानं.

ताईच्या खोलीत गेलो. पलंगाच्या पायाशी उभा राहिलो. एकेचाळिसावा प्रश्न मीच विचारला, उत्तरही मीच दिलं, दोन्ही अर्धी. मग म्हणालो, "तू नाही मारलंस. मी मारलं. तू एक म्हणालीस, मी तीन मारल्या. आणि ते तुझ्यावर ढकलत आलो."

ताईनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "बस खाली."

मी बसलो.